बिडाची कढई आणि कॉस्टिकची बादली



आरमोरीचं आमचं सासरचं जुनं घर या उन्हाळ्यात विकलं. घराचे कागद एका दिवसात होतात, भांड्यांना महिना लागतो, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पितळेचं सगळ्यांना हवं होतं, तांब्याचं त्याहून जास्त. कोपर, गंज, घागरी, सगळं दुपारपर्यंत वाटून झालं. उरलं ते लोखंड. दोन बिडाचे तवे, एक मोठी बिडाची कढई, एक पातळ लोखंडी कढई, सराटे, झारा आणि खलबत्ता.

त्यांच्याकडे कोणी पाहीना, याला कारणं दोन होती. एक तर वर डांबरासारखा काळा थर चढलेला. कढईच्या कडेला तो बोटभर जाड होता आणि खपल्या निघत होत्या. दुसरं कारण कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, ते शेवटी माझ्या मोठ्या जाऊबाईंनी बोलून दाखवलं. घर बारा वर्षं भाड्यानं दिलेलं. माणसं फार चांगली, भाडं वेळेवर, घर आरशासारखं ठेवलेलं. पण खाणं मांसाहारी. मागच्या पडवीतली ही भांडी वापरा म्हणून आम्हीच सांगितलं होतं, त्यांनी वापरली.

"त्या कढईत काय काय शिजलं असेल बाई. देऊन टाक भंगारात," जाऊबाई म्हणाल्या.

भंगारवाल्यानं किलोला २५ रुपये भाव सांगितला. सगळं मिळून ११ किलो भरलं, म्हणजे २७५ रुपये. मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. आहे. घसारा काढायला शिकले तेव्हाच एक गोष्ट डोक्यात बसली, की जिचं आयुष्य संपलेलं नाही त्या वस्तूला भंगाराचा भाव लावायचा नसतो. मी सगळं पोत्यात भरून चंद्रपूरला आणलं. ते कसं साफ केलं आणि साफ झाल्यावर पुढे काय प्रश्न उभा राहिला, ते आज लिहिते. तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं पोतं असणारच.

आधी बीड म्हणजे काय ते सांगते, कारण सूनबाईला वाटलं मी मराठवाड्यातल्या गावाबद्दल बोलते आहे. बीड म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. त्यात कार्बन जास्त असतो, म्हणून ते साध्या लोखंडापेक्षा कमी उष्णतेला वितळतं आणि ओतता येतं. पण त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही असतं. बिडाचा तवा फरशीवर पडला तर पोचा येत नाही, सरळ तुकडे होतात. ठोकून केलेला लोखंडी तवा वाकतो, पण फुटत नाही. पाठीवर बारीक रवाळपणा दिसला, जाडी भरपूर असली, की समजा बीड आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांना लोखंडाचं काही नवल नाही. आज सुरजागडचं नाव रोज पेपरात असतं, पण त्याच्या कितीतरी आधी चांदा जिल्ह्यात लोहारा, पिपळगाव भागात मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशावर लोखंड काढत. त्या भट्टीत लोखंड वितळायचं नाही. स्पंजासारखा गोळा तयार व्हायचा आणि तो ठोकून ठोकून विळा, कुऱ्हाड, तवा करायचे. म्हणजे इथलं जुनं घरचं लोखंड ठोकलेलं, आणि बीड मात्र बाहेरच्या कारखान्यातून आलेलं. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात चांद्याच्या खनिजावरचा अहवाल आला आणि इथेच कारखाना काढावा असं त्यांच्या मनात आलं होतं. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही. नाहीतर जमशेदपूर कदाचित आपल्याकडेच झालं असतं, आणि वरोऱ्याला जायला आपल्याला ट्रॅफिक लागलं असतं.

यात आपल्या विचाराची एक गोष्ट आहे. श्रावकानं जे पंधरा धंदे करू नयेत असं सांगितलं आहे, त्यात अंगारकर्म येतं, म्हणजे भट्ट्या लावून करायचे धंदे. त्यात अग्नीची, लाकडाची, मातीतल्या जिवांची केवढी हिंसा! आपण भट्टी लावली नाही, पण भट्टीतून निघालेला तवा रोज वापरतो. मग जो तवा एकदा झाला, ज्याची हिंसा होऊन गेली, तो चांगला असताना भंगारात घालून नवा विकत घ्यायचा म्हणजे तीच भट्टी पुन्हा पेटवायला लावायची. मला हे पटत नाही. पैशाचा हिशेब मी नंतर करते, आधी हा करते.

आता तो काळा थर. आपण त्याला गंज समजतो किंवा जळकं लोखंड समजतो. तो आहे तेल. तेल लोखंडावर पातळ पसरून खूप तापलं की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि कडक पापुद्रा होतो. पापुद्रा पातळ असला तर तो तव्याचा दागिना असतो. त्यानंच आयते चिकटत नाहीत, त्यानंच गंज लागत नाही. पण वर्षानुवर्षं नीट न घासता त्याच्यावर तेल, पीठ, मसाला जळत गेला की थरावर थर चढतो, आतला अन्नाचा अंश तसाच राहतो, आणि एक दिवस खपली निघून भाजीत पडते. घासणीनं तो निघत नाही, कारण साबण ताज्या तेलाला धुतो, दगड झालेल्या तेलाला नाही.

तो काढायला लोक काय काय करतात ते पाहिलं. खेड्यात तवा चुलीच्या विस्तवात किंवा होळीत टाकतात. थर जळतो खरा, पण बीड एका बाजूनं जास्त तापलं की तडकतं, वाकडं होतं. शिवाय सरपणात किती कीड, किती मुंग्या असतात ते आपण जाणतो. वर्कशॉपमध्ये नेऊन मशीननं घासून देतात, त्यात थराबरोबर धातूही जातो. ॲसिडनं तर लोखंडच खाल्लं जातं. यातलं काहीच मनाला येईना.

उत्तर आपल्या आजीच्या चुलीपाशीच होतं. आजी भांडी राखेनं घासायची. तुराट्यांची, पऱ्हाट्यांची राख. राखेत खार असतो. ती पाण्यात कालवून वरची निवळी घेतली तर बोटांना बुळबुळीत लागते, कारण तो खार आपल्या कातडीवरच्या तेलाचा तिथल्या तिथे साबण करायला लागतो. आयुर्वेदात पळसाच्या राखेचा क्षार काढतात, पापडात पापडखार घालतात, ते सगळे या खाराचेच भाऊबंद. त्या घराण्यातला सगळ्यात तिखट म्हणजे कॉस्टिक सोडा. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये आपल्या जंगलातला बांबू याच कॉस्टिकच्या द्रावणात शिजवून त्याचा लगदा करतात. बांबूला विरघळवणारा खार आहे हा, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

कॉस्टिकच्या पाण्यात बिडाची कढई बुडवून ठेवली की तेलाचा थर हळूहळू साबण होऊन सुटतो आणि लोखंडाला काही होत नाही. सिमेंट खारट, म्हणजे कॉस्टिकच्या जातीचं, म्हणून त्यातली सळई वर्षानुवर्षं गंजत नाही, तसंच हे. कढई चार दिवस राहो की चौदा, धातू तेवढाच राहतो.

प्रमाण सांगते. १० लिटर पाण्याला २५० ग्रॅम कॉस्टिक सोडा, पांढऱ्या पापुद्र्यांचा मिळतो तो. पाणी मी नेहमीसारखं गाळून घेतलं. भांडं जाड प्लॅस्टिकचं आणि घट्ट झाकणाचं हवं. रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या मिळतात त्या उत्तम. पत्र्याची जस्त लावलेली बादली चालत नाही, कॉस्टिक जस्ताला खातं. आधी बादलीत पाणी, मग त्यात थोडा थोडा सोडा, लाकडी दांडीनं हळू ढवळत. उलटं कधीच करायचं नाही. सोड्यावर पाणी ओतलं तर ते तिथल्या तिथे उकळून अंगावर उडतं. पाण्यात सोडा टाकला तर पाणी फक्त कोमट होतं.

हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, पायात चप्पल नाही तर बूट. अंगात सुती कपडे आणि पदर खोचलेला. रेशीम आणि लोकर तर जवळही नको, कॉस्टिक ते विरघळवून टाकतं. आणि ज्या कारणानं रेशीम विरघळतं त्याच कारणानं कातडी विरघळते, दोन्ही प्रथिनंच. थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचं, १५-२० मिनिटं घड्याळ लावून. डोळ्यात गेला तर तसंच धुत धुत दवाखाना गाठायचा. लिंबू, व्हिनेगर जखमेवर लावायचं नाही. चुकून कोणाच्या पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, सरळ मोठा दवाखाना. हे द्रावण कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही. माझी बादली गच्चीवरच्या कुलपाच्या खोलीत असते. नातू चार वर्षांचा आहे, किल्ली माझ्या कमरेला.

बादलीत काय टाकायचं नाही ते पाठ करा. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम अजिबात नाही. ते विरघळतं, फसफसून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेणारा. कल्हईचं भांडं नाही, कल्हई जाते. नॉनस्टिक नाही. लाकडी मूठ असेल तर ती काढून मग टाका. आणि नाली मोकळी करायची तयार पावडर कॉस्टिक म्हणून वापरू नका, तिच्यात दुसरंही काही मिसळलेलं असतं. भंगारातून उचललेली, कोणाची माहीत नाही अशी कढई असेल तर मी तिच्या नादी लागत नाही. अशा कढईत कोणी जाळ्याचं शिसं वितळवलेलं असलं तर ते कशानं गेलं हे आपल्याला घरी कळणार नाही. आमच्या कढईचा बारा वर्षांचा आणि त्याच्या आधीचा सगळा इतिहास मला माहीत होता.

मी हे वैशाखात केलं आणि मुद्दाम केलं. आपल्या चंद्रपूरच्या उन्हात द्रावण भराभर काम करतं. थंडीत जे दहा-बारा दिवस घेतं ते इथे चार दिवसांत होतं. पण त्याहून मोठं कारण जिवांचं. चातुर्मासात मुंग्या, पाखरं, चिलटं किती होतात! पावसाळ्यात ही बादली मी मांडणार नाही. झाकणाला फट राहू नये म्हणून वर वीट ठेवली. झाकणाचा दुसरा फायदा असा की उघडं द्रावण हवेतला वायू शोषून नुसता धुण्याचा सोडा होऊन बसतं आणि त्याचा दम जातो.

चौथ्या दिवशी कढई काढली. पाणी चहासारखं काळपट झालेलं, तळाला काळा गाळ. थर ओल्या पुठ्ठ्यासारखा मऊ झाला होता. जुन्या सराट्यानं आणि तारेच्या घासणीनं पाण्यात धरून घासलं. कडेचा जाड थर एकदम निघाला नाही, कढई आणखी तीन दिवस बुडवली. मग जे खाली दिसलं ते मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. राखाडी रंगाचं, पावसाळी आभाळासारखं लोखंड. कडेला साच्याची बारीक रेघ. एका कानाखाली ओतलेला आकडा, ७.

गंज मात्र कॉस्टिकनं जात नाही. खलबत्त्याला होता. तो अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर अशा मिश्रणात अर्धा तास ठेवून घासला. त्याहून जास्त ठेवायचं नाही, नाहीतर आंबट लोखंडच खायला लागतं. आणि कॉस्टिकचं पाणी पूर्ण धुतल्याशिवाय आंबट लावायचं नाही.

पूर्ण धुतलं गेलं हे कसं ओळखायचं? इथे हळद कामाला येते. हळदीला खार लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुन्याचं पाणी देऊन. मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून ठेवल्या. धुतलेल्या कढईत थोडं पाणी घ्यायचं, पट्टी बुडवायची. लाल झाली तर अजून धुवा. पिवळी राहिली तर खार गेला. चार पाण्यांना लाल झाली, पाचव्याला पिवळी राहिली. दुकानात असे कागद मिळतात, पण हे घरचे एका रुपयाचेही नाहीत.

आता सगळ्यात अवघड काम, बादलीतलं उरलेलं पाणी. भांडी सगळी झाल्यावर त्याचं करायचं काय? आपल्याकडे गरम पाणीसुद्धा निववून मग नालीत टाकायची रीत आहे, कारण नालीत जीव असतात. मग बांबू विरघळवणारं पाणी तसंच कसं सोडायचं? झाडाखाली तर नाहीच, तिथली माती आणि त्यातलं सगळं मरेल. शौचालयात तसंच ओतलं तर सेप्टिक टँकचं काम बिघडतं. मी बाजारातून सायट्रिक ॲसिड आणलं, लिंबूसत्त्व म्हणतात ते. हातमोजे आणि चष्मा घालून ते चमचा चमचा करत बादलीत टाकत गेले. प्रत्येक वेळी थांबायचं, कारण पाणी तापतं आणि फेस येतो. मधे मधे हळदीची पट्टी. २५० ग्रॅम कॉस्टिकला हिशेबानं ४०० ग्रॅमच्या वर सायट्रिक लागू शकतं, म्हणून अर्धा किलो हाताशी ठेवलं होतं. पट्टी पिवळी राहायला लागली तेव्हा थांबले. वर तरंगलेला मेणासारखा चोथा जुन्या फडक्यानं गाळून कचऱ्यात बांधून दिला, आणि थंड झालेलं पाणी भरपूर साध्या पाण्याबरोबर शौचालयात सोडलं. यात दोन तास गेले. सूनबाई म्हणाली, आई, एवढ्यात नवी कढई येऊन पडली असती. येऊन पडली असती, खरं आहे.

कोणी म्हणेल, एवढी हिंसेची काळजी आहे तर मुळात कॉस्टिकच कशाला? संसारातल्या कामात आरंभी हिंसा टळत नाही, भाकर भाजली तरी होते. ती कमी कशी होईल एवढंच आपल्या हातात असतं, आणि त्यालाच यत्नाचार म्हणतात. गाळलेलं पाणी, झाकलेली बादली, बिनपावसाळ्याचे दिवस, शेवटी खार मारून सोडलेलं पाणी. इतकं करायची तयारी नसेल तर हे काम करू नका, भांडं खुशाल भंगारात द्या.

आणखी एक. माझं पाहून दोघीतिघींनी कॉस्टिक मागितलं, "काकू, थोडं डबीत द्या ना." मी दिलं नाही आणि देणारही नाही. रत्नकरंड श्रावकाचारात पाच अनर्थदंड सांगितले आहेत, त्यात एक हिंसादान. विष, शस्त्र, विस्तव असं जे दुसऱ्याचा घात करू शकतं ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. डबीतला पांढरा सोडा स्वयंपाकघरात मिठाशेजारी ठेवला गेला तर? त्यांना म्हटलं, भांडं घेऊन या, माझ्या बादलीत टाकू, आठ दिवसांनी घेऊन जा. राग आला एकीला. येऊ दे.

आता जाऊबाईंचा प्रश्न, कारण सगळं त्याच्यासाठी होतं. माझं मत असं. भांड्याला जे लागलेलं होतं ते त्या थरात होतं. तो थर कॉस्टिकनं गेला, हळदीनं तपासला, नंतर विस्तवावर तापला. आता जे आहे ते लोखंड आहे. पुद्गलाचे पर्याय बदलतात हे आपण रोज स्वाध्यायात वाचतो, मग कढईच्या बाबतीतच का अडायचं? शास्त्रात यासाठी काय आहे ते सांगायचा माझा अधिकार नाही, मी माझ्या घरापुरतं बोलते.

जाऊबाई जेठ महिन्यात चंद्रपूरला आल्या. कढई उचलली, उलटी केली, बोटानं वाजवून पाहिली. "नवीच दिसते गं," म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जाताना त्यांनी एक तवा मागून घेतला. कढई नेली नाही.

"ताई, दोन्ही एकाच बादलीतून निघालेत," मी म्हटलं.

"माहीत आहे. तव्यावर भाकरच भाजली असेल असं धरता येतं. कढईचं मन होत नाही. तू वापर, मी काही म्हणणार नाही."

मी वाद घातला नाही. त्यांनी सत्तरी ओलांडली, त्यांचा नियम त्यांनी बारा जणांच्या घरात एकटीनं सांभाळला आहे. आता त्या आल्या की त्यांच्यापुरती भाजी मी स्टीलच्या गंजात करते, आणि त्या ते पाहतात, बोलत कोणीच नाही. मात्र पुतणीनं फोनवर सांगितलं की त्या तव्यावर आयते असे सुटतात की नॉनस्टिक कपाटात गेलं.

आयते सुटतात ते नुसत्या साफसफाईनं नाही. धुतलेलं उघडं लोखंड दहा मिनिटांत गेरूसारखं तांबूस व्हायला लागतं, म्हणून लगेच फडक्यानं पुसून गॅसवर कोरडं करायचं. हात लावता येईल इतकं कोमट झालं की तेलाचा हात फिरवायचा आणि मग कोरड्या फडक्यानं असं पुसायचं की तेल लावलंच नाही असं वाटावं. इथे बहुतेकजणी घाईत जाड थर ठेवतात आणि तो चिकट होतो. मग मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा तेल. असं पाच वेळा. तेल जवसाचं किंवा करडीचं. आपल्या भागात जवस पूर्वी खाण्यात होतंच, आणि ही तेलं हवेनं, उष्णतेनं वाळून कडक होतात, म्हणून रंगातही जवसाचं तेल घालतात. मी करडी पसंत करते. जवसाचा लेप फार टणक होतो, पण जरा जाड झाला की पापुद्रे सुटतात.

कढईत आता भरडा भाजणं, शेव तळणं, तुरीच्या दाण्यांची उसळ हे सगळं होतं. चिंचेचं, टोमॅटोचं आणि कढी मात्र नाही, आंबटानं लेप जातो आणि पदार्थ काळा पडतो. लोखंडाच्या भांड्यातलं खाल्ल्यानं रक्त वाढतं हे आपल्या आया म्हणायच्या, त्यात तथ्य आहे. १९९९ साली लॅन्सेटमध्ये इथिओपियातल्या मुलांवरचा अभ्यास आला होता. ॲल्युमिनियमच्या भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यातलं खाणाऱ्यांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलं. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलची घरं आहेत. तो रक्तक्षय लोह कमी पडल्याचा नसतो, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवतात त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त होऊ शकतं. अशा घरी लोखंडी कढई सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

हिशेब राहिलाच. अर्धा किलो कॉस्टिक, अर्धा किलो सायट्रिक, हातमोजे, बादली, तेल मिळून मला ६४० रुपये आले. त्यात सगळी भांडी झाली. 

जवसाच्या तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना आपोआप तापतं आणि चुरगाळलेलं फडकं कोणी काडी न लावता पेटू शकतं, त्यातून आपल्याकडचा मे महिना. करडीच्या फडक्यालाही मी हाच नियम लावते. फडकं पाण्यात भिजवून, मग दोरीवर मोकळं पसरून वाळवायचं. मी आजच चार वाळत घातली आहेत.